दोनच मिळाली

नाटकाची तिकिटे दोन प्रकारची असतात. काही आठ दिवस आधी काढलेली आणि काही आयत्या वेळी मिळवलेली. पहिल्या प्रकाराला पैसे लागतात आणि दुसऱ्याला नशीब लागते, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या अण्णांना तो मान्य नव्हता. ते म्हणत, "नशीब कसलं घेऊन बसलात? पाय लागतात, पाय! उभं राहायची तयारी पाहिजे."

अण्णा परळच्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. पगार ठरलेला असे, खर्च मात्र कधीच ठरलेला नसे. एक तारखेला आई पैशांच्या पुड्या बांधी. वाण्याची, दूधवाल्याची, भाड्याची, माझ्या फीची. नाटकाची पुडी त्यांत नव्हती. सगळे भागवून एखाद्या रविवारी अण्णांच्या खिशात चार रुपये अधिक निघाले, तर नाटकाला जायचे. आणि ते खरोखरीच अधिक आहेत की नाहीत, हे दुपारची जेवणे झाल्याखेरीज कळत नसे. कारण तोपर्यंत गावाकडचा एखादा पाहुणा वळकटी घेऊन दारात उभा राहण्याचा संभव असे. अशा घराने आगाऊ तिकीट काढायचे तरी कसे?

नाटकाचा नाद आमच्या घराण्यात जुना आणि तिकिटाची अडचणही तितकीच जुनी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. माझे आजोबा तेव्हा ऐन विशीत होते. ते हौसेने थिएटरपर्यंत गेले, तिकिटाचे दर ऐकले आणि हात जोडून बाहेरच्या फुटपाथवर उभे राहिले. आतून जे काही कानावर येईल ते त्यांनी रात्री उशिरापर्यंत ऐकले. पुढे आयुष्यभर ते सांगत, "मी संयुक्त मानापमान ऐकलं." 'पाहिलं' असे मात्र चुकूनही म्हणाले नाहीत. आजोबांच्या या प्रामाणिकपणाचे अण्णांना फार कौतुक होते. ही गोष्ट सांगताना त्यांचा गळा दाटून येई. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे.

आयत्या वेळच्या तिकिटाचे अण्णांनी एक शास्त्रच बनवले होते. पहिला नियम असा, की 'हाऊसफुल्ल'ची पाटी वाचावी, पण तिच्यावर विश्वास ठेवू नये. खिडकीवरची तिकिटे संपली, एवढेच ती पाटी सांगते. तिकीट काढलेले सगळे लोक येणार आहेत, असे ती सांगत नाही. सातआठशे माणसे एका जागी जमायची म्हटल्यावर त्यांत कुणाचे तरी पोट दुखणार, कुणाकडे तरी पाहुणे येणार आणि कुणाचे तरी बायकोशी भांडण होणार. दुसरा नियम, खिडकीवर दोनदा जावे. एकदा सकाळी, नुसते तोंड दाखवायला. आणि एकदा प्रयोगाआधी अर्धा-पाऊण तास. ओळखीपाळखीच्या मंडळींसाठी बाजूला ठेवलेली आणि कुणी न नेलेली तिकिटे त्या सुमाराला सुटतात. तिसरा नियम, जोडून जागा मागू नयेत. खिडकीमागच्या गृहस्थांपुढे खुर्च्यांचा एक छापील नकाशा असे. त्याला 'प्लॅन' म्हणत. विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीने काट मारायची अशी रीत होती. त्या काटांच्या जंगलात कुठेतरी एखादी खुर्ची एकटी राहून गेलेली असते. जोडप्यांना ती नको असते, म्हणून ती आपली. चौथा नियम, दाराशी उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे वाचावेत. ज्याच्या हातात दोन तिकिटे आहेत आणि जो दर मिनिटाला घड्याळ पाहतो आहे, त्याचा माणूस यायचा नाही, हे त्याच्याआधी आपल्याला कळले पाहिजे. पाचवा नियम, तिकिटाला छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही.

सहावा नियम पावसाचा. अण्णा म्हणत, "श्रीमंतांचा मॅनेजर आत बसलेला असतो. आपला मॅनेजर आभाळात!" मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरदर्शन सुरू झाले आणि चाळीतल्या एकाद्या घरी रविवारचा चित्रपट पाहायला दाटी होऊ लागली, तेव्हा अण्णांनी सातवा नियम जोडला: चित्रपट चांगला असेल तर नाटकाला अवश्य जावे.

ह्या शास्त्राचा मी एकुलता एक विद्यार्थी होतो. दादरला प्लाझासमोर १९६५ साली शिवाजी मंदिर सुरू झाले होते. परळच्या आमच्या चाळीपासून तिथे पायी जाता येई. बसचे पैसे वाचले की मध्यंतरातल्या बटाटेवड्याची सोय होई. बाल्कनीच्या शेवटच्या रांगांत बसून मी किती नाटके पाहिली त्याची मोजदाद नाही. पुष्कळदा अण्णा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला असे. विनोद झाला की अंधारात त्यांचे हसणे मला ओळखू येई.

आता १९७५ सालच्या त्या रविवाराकडे वळतो. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून लिहिलेले 'ती फुलराणी' त्याच वर्षी रंगभूमीवर आले होते आणि भक्ती बर्वे यांच्या नावाचा जिकडे तिकडे बोलबाला झाला होता. तिकीट म्हणून मिळत नव्हते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. जुलै महिना होता, सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि हिंदमाताला गुडघाभर पाणी साचले होते. अण्णांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले आणि ते खूष झाले. "आज कल्याण-ठाण्याचे लोक येत नाहीत," ते म्हणाले. "चल!"

आई दाराशी आली. ती म्हणाली, "तीन मिळतात का पाहा की."

"अगं, एक मिळायची मारामार!" अण्णा छत्री उघडत म्हणाले.

"मिळाली तर म्हणते मी. हा येईल मला बोलवायला. मी पातळ बदलून बसते."

आम्ही पाण्यातून वाट काढत दादरला पोचलो. दारावर पाटी होतीच. खिडकीपाशी मात्र चारपाच माणसेच होती. आमचा नंबर आला तेव्हा प्रयोगाला सव्वा तास अवकाश होता. आतल्या गृहस्थांनी प्लॅनवर पेन्सिल फिरवली आणि ते म्हणाले, "परत आलीत तीन. बाल्कनी, जोडून आहेत."

जोडून तीन! अण्णांच्या साऱ्या कारकिर्दीत असे कधी झाले नव्हते. मी निघायच्या तयारीने वळलोसुद्धा.

"मला दोन द्या," अण्णा म्हणाले.

"तीन हवी असतील तर ठेवतो थोडा वेळ. घरून कुणी यायचं आहे का?"

ते गृहस्थ आपण होऊन हे बोलले. अण्णांनी एकवार पावसाकडे पाहिले, एकवार माझ्या ओल्या पायांकडे पाहिले, खिशात हात घालून नाणी चाचपली. त्या वेळी त्यांच्या मनात काय चालले होते ते मला आजही नक्की सांगता यायचे नाही. पुन्हा त्या पाण्यातून मला एकट्याला पाठवायचे, आईने यायचे, येईपर्यंत पडदा उघडायचा, ही काळजी होती. तिसऱ्या तिकिटाचे पैसे म्हणजे दोन दिवसांची भाजी, हा हिशेब होता. आणि आईशिवाय नाटकाला जायची आम्हां दोघांना सवय झाली होती, हेही होते. "नाही, दोनच," ते म्हणाले.

मध्यंतरात त्यांनी मला वडा आणि वर खरवस घेऊन दिला. खरवस कधीच मिळत नसे. मी कारण विचारले नाही.

एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. अगदी तिसऱ्या घंटेला आमच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी निथळत येऊन बसले. पाहतो तो आमच्या चाळीतले तळमजल्यावरचे मास्तर! "वा, मिळालं बुवा," ते म्हणाले. अण्णांनी नुसती मान हलवली आणि ते समोरच्या पडद्याकडे पाहत राहिले.

रात्री घरी आलो. आईने पातळ बदललेले होते. अण्णा छत्री कोपऱ्यात ठेवता ठेवता म्हणाले, "दोनच मिळाली गं."

आईने माझ्याकडे पाहिले. मी पाय पुसत होतो. "हो, दोनच," मी म्हणालो.

"बरं," आई म्हणाली. "मग कसं होतं? सांग."

येथे आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. नाटक पाहून आलो की मी ते आईला करून दाखवत असे. ती भाकऱ्या थापत असे आणि मी स्टोव्हपासून मोरीपर्यंतच्या चार हात जागेत राजा, राणी, वकील, आरोपी सगळे होत असे. त्या रात्री मी फुलराणी झालो. डोक्याला आईचाच पंचा गुंडाळला, टोपली म्हणून पीठ चाळायची चाळणी काखेत मारली आणि जेवढे आठवत होते तेवढे सगळे करून दाखवले. आई इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली. माझ्या लहानपणी तिने जी नाटके पाहिली ती अशी, माझ्या तोंडून. आजोबांनी 'मानापमान' ऐकले, आईचेही तेच. फरक इतकाच, की आजोबांना थिएटरच्या दारापर्यंत तरी जाता आले.

मोठेपणी मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. आयत्या वेळचे तिकीट स्वस्त असते, यात शंका नाही. पण त्याची किंमत केवळ पैशांत नसते. ते परवडायला दिवस मोकळा लागतो. 'आत्ता चल' म्हटल्याबरोबर पायांत चपला घालता आल्या पाहिजेत. मिळाले नाही तर दोन तास उभे राहून हात हलवत परत येता आले पाहिजे. घरातल्या बाईला हे कुठून जमणार? तिला नाटकाला जायचे तर आधल्या दिवशी पीठ दळून आणायला हवे, संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकायला हवा, शेजारणीला दुधाचे सांगून ठेवायला हवे. अण्णा म्हणत ते खरेच होते, त्या तिकिटाला पैसे नव्हे, पाय लागतात. पण ज्या माणसाचे पाय स्टोव्हपाशी बांधलेले, त्याचे शास्त्र अण्णांनी कधी लिहिले नाही. मीही लिहिले नाही. मी खरवस खाल्ला.

पुढे मी बँकेत लागलो, माझे लग्न झाले. १९९१ साली प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी' आले. एक आई आणि तिच्या तीन मुली, एवढीच माणसे मुख्य; पण त्या नाटकाने घराघरांतून वादळ उठवले. माझी पत्नी तेव्हा नोकरी करीत होती. तिच्या कचेरीतल्या दहाजणींनी वर्गणी काढली, पंधरा दिवस आधी रांगेने दहा तिकिटे काढली आणि त्या थाटात जाऊन आल्या. आपल्या पैशांचे, आपल्या सवडीचे, आधी काढलेले तिकीट! तिने आईलाही विचारले होते. पण प्रयोग रात्रीचा होता. "यांचं जेवण?" असे म्हणून आई राहिली. अण्णा पेपरामागून म्हणाले, "चार बायकांचं बोलणं तीन तास ऐकायला तिकीट कशाला काढायचं? घरी फुकट आहे." आम्ही सगळे हसलो. आईही हसली. पण नंतर कितीतरी दिवस ती माझ्या पत्नीला खोदून खोदून विचारी, "मग ती थोरली शेवटी काय करते?"

१९९८ साली अण्णा गेले. त्यानंतर मी आईला आधी तिकिटे काढून पुष्कळ नाटकांना नेले. पण 'चारचौघी'चे प्रयोग तोवर थांबले होते. ते एक राहिले ते राहिलेच.

आणि २०२२ साली तेच नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. चंद्रकांत कुलकर्णी यांचेच दिग्दर्शन. आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी, थोरल्या मुलीच्या भूमिकेत मुक्ता बर्वे. वर्तमानपत्रातली जाहिरात आईने भिंग लावून वाचली. तेव्हा ती एक्क्याऐंशी वर्षांची होती.

मी ताबडतोब मोबाइलवर दोन तिकिटे काढली. चांगली पुढची, पाचशेची. (जानेवारी २०१८ पासून पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ झाला, त्यामुळे पुष्कळ नाटकांचा वरचा दर त्या आकड्यापाशी येऊन थांबला होता.) प्रयोगाच्या दिवशी सकाळी आईला चक्कर आली. तिकिटे शेजाऱ्यांनी पाहिली. पंधरा दिवसांनी पुन्हा काढली. त्या दिवशी तिचा गुडघा सुजला. आई म्हणाली, "आता पुरे. पैसे काय झाडाला लागतात? माझ्या तब्येतीचं तिकीट आगाऊ मिळत नाही."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. खरेच होते. आईचा कुठला दिवस चांगला जाणार ते त्या दिवशी सकाळीच कळे. चाळीस वर्षांपूर्वी आम्हां बापलेकांचा खिसा जसा रविवारी दुपारीच कळायचा, तसेच हे. म्हणजे आता तिला हवे होते ते आयत्या वेळचेच तिकीट! आणि ते शास्त्र जाणणारा अण्णांचा एकमेव शिष्य घरात स्वस्थ बसून होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "आज बरं वाटतंय." मी पेपर उघडला. आमच्या उपनगरातल्या नाट्यगृहात चारचा प्रयोग होता. मोबाइलवर पाहिले तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मी पायांत चपला घातल्या. "अहो, मोबाइलवर नाही तर तिथे कुठून असणार?" पत्नी म्हणाली. मी म्हटले, "पाटी वाचायची, पण विश्वास ठेवायचा नाही."

अकरा वाजता खिडकीवर तोंड दाखवले. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. प्लॅन आता संगणकाच्या पडद्यावर होता, पेन्सिलीची काट गेली होती. बाकी सर्व तेच होते. ती म्हणाली, "बाल्कनीत एक आहे काका, तीनशेचं. खालचं काही नाही."

"आई आहे माझी. एक्क्याऐंशीची. जिना चढवत नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. "साडेतीनला या. ठेवलेली काही सुटली तर बघू. खात्रीने सांगत नाही हं."

मी बाल्कनीचे ते एक तिकीट घेऊन ठेवले आणि घरी आलो. सव्वातीनला आम्ही तिघे रिक्षाने नाट्यगृहावर पोचलो. आईने ठेवणीतली नारायणपेठी नेसली होती. व्हरांड्यात रखवालदाराने तिला खुर्ची दिली आणि ती पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. पत्नी तिच्याशेजारी उभी राहिली. तिला नाटक पाहायचे नव्हते. "मी मागेच पाहिलंय," असे ती सहज म्हणाली आणि मग, नको ते बोलल्यासारखी गप्प झाली.

मी रांगेत सातवा होतो. साडेतीनला खिडकीवर तीन तिकिटे सुटली आणि माझ्यापुढच्या तिघांना गेली. पावणेचार झाले. मी मागे वळून पाहिले. आई माझ्याकडेच पाहत होती आणि पाहत नसल्याचे दाखवत होती. तसे पाहणे मी पूर्वी एकदा पाहिलेले होते, पाय पुसताना.

मग मी रांग सोडली आणि दाराशी जाऊन चेहरे वाचू लागलो. पहिला गृहस्थ घड्याळ पाहत होता, पण त्याची मंडळी रिक्षातून उतरली. दुसरे एक जोडपे भांडत होते. मोठी आशा वाटली, पण ते भांडत भांडत आत गेले. पहिली घंटा झाली. एवढ्यात खांबापाशी पन्नाशीच्या एक बाई दिसल्या. हातात फोन, फोनखाली दोन तिकिटे, कपाळाला आठ्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्या फोनवर म्हणत होत्या, "अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

"एक जास्त आहे का हो?" मी विचारले. माझा आवाज मलाच बारा वर्षांच्या पोरासारखा वाटला.

तिकीट खालचे होते, मधल्या वाटेच्या कडेचे, चारशेचे. मी पाचशेची नोट दिली. त्यांनी शंभर परत केले, छापील किमतीला अगदी चोख. मी म्हटले, "माझी आई बसेल तुमच्याशेजारी."

दुसऱ्या घंटेला मी आईला हात धरून तिच्या खुर्चीपर्यंत नेले. "तू?" तिने विचारले. "मी वर आहे." "वर म्हणजे बाल्कनीत? तुझी जुनी जागा," ती म्हणाली आणि समोर पाहू लागली. जन्मात पहिल्यांदा ती नाटकाला एकटी बसली होती.

मी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून ते नाटक पाहिले. खरे सांगायचे तर निम्मे नाटक पाहिले आणि निम्मा वेळ खालच्या अंधारात पांढऱ्या अंबाड्याचा एक ठिपका शोधला. थोरलीचे ते दूरध्वनीवरचे लांबलचक बोलणे चालू असताना सारे नाट्यगृह निश्चल झाले होते. तो ठिपका थोडा पुढे झुकला होता.

मध्यंतरात वडा घेऊन खाली गेलो, तो आई त्या बाईंशी गप्पांत रंगलेली. मला पाहून तिने ओळख करून दिली, "हा माझा मुलगा. वर बसलाय." वडा तिने मोडून अर्धा त्या बाईंना दिला. मी कुणाच्या खिजगणतीत नव्हतो.

परत येताना रिक्षात आम्ही दोघेच होतो. थंडी पडू लागली होती. आई काही बोलत नव्हती. मला एकाएकी राहवेना.

"आई, एक सांगायचं होतं. त्या फुलराणीच्या दिवशी, पावसात... तिकिटं तीन होती."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली.

"ठाऊक आहे? कसं?"

"अरे, तळमजल्यावरचे मास्तर तुमच्या शेजारी नव्हते का बसले? दुसऱ्या दिवशी नळावर त्यांची बायको म्हणाली, 'आमचे हे शेवटच्या घटकेला गेले, तरी मिळालं. तुमच्या यांच्या शेजारचंच.' बादली भरेपर्यंत मला सगळं कळलं."

सत्तेचाळीस वर्षे मी जे जपून ठेवले होते, ते एका बादलीच्या अवकाशात फुटलेले होते.

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं होतं? तू ते करून दाखवत होतास ना? बोलले असते तर तू दाखवायचाच बंद झाला असतास. मग माझं तेही गेलं असतं." ती थोडी थांबली. "आणि तुझे अण्णा काही वाईट नव्हते. त्यानंतरचे दोन रविवार 'पाय मोकळे करून येतो' म्हणून गेले आणि हात हलवत परत आले. पाय मोकळे करायला कुणी डब्यातले पैसे मोजून घेऊन जात नाही. मिळालं नसेल, दुसरं काय?"

हे मला ठाऊक नव्हते. त्या दोन रविवारी अण्णांनी मला बरोबर नेले नव्हते. खिडकीवर ते एकटेच उभे राहिले असतील, आपले सातही नियम जवळ घेऊन.

घरी पोचलो. पत्नीने भाकऱ्या करायला घेतल्या होत्या. आई आत गेली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसली. मला म्हणाली, "तूही बस इथे."

"मी पाहिलंय की आई आत्ताच. तुझ्याबरोबरच."

"तू वरून पाहिलंस. तिथून तोंडं कुठे दिसतात?" ती म्हणाली.

मग तिने कानाशी लाटणे धरले, फोन म्हणून. आणि पहिल्यापासून सुरुवात केली.